स्वातंत्र्य, समता, श्रद्धा : अमेरिकेच्या घटनेविषयी वाचकांचे प्रश्न

४ जुलै २०२६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे पूर्ण होण्याची तारीख. त्या निमित्ताने आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : ‘सर्व माणसे समान जन्माला आली आहेत’ हे वाक्य मी अमेरिकेच्या राज्यघटनेत शोधतो आहे. सातही कलमे चाळली, दुरुस्त्या चाळल्या, सापडत नाही. वर्गात शिकवायचे आहे. (शिक्षक, सातारा)

उत्तर : ते घटनेत नाहीच. ते आहे १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीलाच. दोन्ही दस्तऐवज फिलाडेल्फियातल्या एकाच इमारतीत मंजूर झाले आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एकाच दालनात ठेवलेले आहेत, त्यामुळे ही गल्लत भल्याभल्यांची होते. पण दोहोंत अकरा वर्षांचे अंतर आहे आणि त्यांचे कामही वेगळे.

जाहीरनामा म्हणजे इंग्लंडच्या राजाशी नाते का तोडले, याची जगाला दिलेली कैफियत. थॉमस जेफरसनने मसुदा लिहिला, जॉन ॲडम्स आणि बेंजामिन फ्रँकलिनने त्यावर हात फिरवला. फारकतीचा ठराव झाला २ जुलैला, मजकूर मंजूर झाला ४ जुलैला आणि बहुतेकांच्या सह्या पडल्या २ ऑगस्टला. त्यात राजाविरुद्धच्या २७ तक्रारी एकापाठोपाठ एक मांडल्या आहेत. घटना म्हणजे १७८७च्या उन्हाळ्यात जुळवलेली राज्यकारभाराची यंत्रणा. तिच्यासाठी ५५ प्रतिनिधी जमले, सह्या ३९ जणांनी केल्या.

फरक कळतो तो कोर्टात. जाहीरनाम्यातले वाक्य दाखवून तिथे हक्क मागता येत नाही, घटनेतले कलम दाखवावे लागते. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घटनेच्या प्रास्ताविकेत आहे. नागरिकांची आपसांतली समता मात्र मूळ घटनेत कुठेही नाही. तिथे समान मत आहे ते सिनेट या वरिष्ठ सभागृहात, राज्याराज्यांना. माणसांच्या समतेसाठी १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीचा पहिला विभाग काढावा लागतो. ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द तिथे आहेत.

वर्गात असा क्रम घ्या : जाहीरनाम्याचे पहिले दोन परिच्छेद, मग घटनेचे प्रास्ताविक (इंग्रजीत अवघे ५२ शब्द), मग पहिल्या कलमाचा दुसरा विभाग (गुलामांच्या मोजणीचा, पुढचा प्रश्न पाहा) आणि तिथून थेट चौदावी दुरुस्ती. पहिल्या कलमापासून ओळीने वाचायला घेतलेत तर मुले तिथेच अडकतील, कारण ते एकटेच जवळपास निम्म्या घटनेएवढे आहे.

प्रश्न : गुलामाला ‘तीन-पंचमांश माणूस’ धरत असत, असे वाचले. म्हणजे पाच गुलामांना मिळून तीन मते होती का? आणि समतेची भाषा करणाऱ्यांनी हे लिहिलेच कसे? (वाचक, अमरावती)

उत्तर : एकही मत नव्हते. तीन-पंचमांश हा आकडा मतांचा नसून लोकसंख्या मोजण्याचा होता. कोणत्या राज्याने प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, किती माणसे पाठवायची, हे त्यावरून ठरे.

हिशोब मांडून पाहा. घटनेने सांगितले की ३०,००० लोकांमागे एकापेक्षा जास्त प्रतिनिधी नको. समजा, एका राज्यात ९०,००० स्वतंत्र माणसे आहेत आणि ५०,००० गुलाम. ५०,००० गुणिले तीन-पंचमांश म्हणजे ३०,०००. राज्याची लोकसंख्या धरली गेली १,२०,०००. शेजारच्या राज्यात ९०,००० स्वतंत्र माणसे आहेत, गुलाम कोणी नाही. त्याला तीन जागा आणि पहिल्याला चार. चौथ्या जागेवर निवडून जाणार तो मालकांचा माणूस. शिवाय राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्य जे खास निर्वाचक नेमते, त्यांची संख्या त्या राज्याचे प्रतिनिधी आणि सिनेटर यांच्या बेरजेवरून ठरत असल्याने तोच फायदा राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही मिळे.

इथे वाचणाऱ्याची नेहमी एक चूक होते. गुलामाला ‘कमी’ मोजले म्हणून आपल्याला चीड येते. प्रत्यक्षात त्याला पुरता मोजा, हा आग्रह दक्षिणेतल्या मालकांचा होता. अजिबात मोजू नका, असे उत्तरेकडचे म्हणत होते. पुरता मोजला असता तर मालकांचे बळ आणखी वाढले असते.

मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द नाही. ‘इतर व्यक्ती’, ‘सेवेला बांधलेली व्यक्ती’ असे शब्द वापरले आहेत. पण गुलामगिरीची व्यवस्था तीन ठिकाणी स्पष्ट आहे : ही मोजणी, १८०८ सालापर्यंत गुलामांच्या आयातीवर केंद्राने बंदी घालायची नाही, हे बंधन, आणि पळून गेलेल्याला परत द्यायची तरतूद. आयातीचे बंधन १८०८पूर्वी घटनादुरुस्तीनेही हलवता येऊ नये, अशी पाचर पाचव्या कलमात मारून ठेवली होती. विसरून राहिलेली गोष्ट ही नव्हे, शब्द निवडून बांधलेली आहे. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद होता, तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला. आणि ज्याने तो लिहिला, त्याने स्वतः हयातीत सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. हे सांगितल्याशिवाय ‘समान जन्माला आली’ हे वाक्य कोणत्याही वर्गात शिकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही ते वाक्य निरुपयोगी ठरले नाही. ज्यांना त्यातून वगळले होते, त्यांनीच ते हातात घेतले. १८४८मध्ये सेनेका फॉल्सच्या सभेत स्त्रियांनी जाहीरनाम्याचाच साचा घेऊन ‘सर्व पुरुष आणि स्त्रिया समान’ असे लिहिले. गुलामीतून सुटून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने ५ जुलै १८५२ला रॉचेस्टरमध्ये विचारले, तुमची ४ जुलै गुलामाला काय आहे? आणि अब्राहम लिंकनचे गेटिसबर्गचे भाषण घ्या. तारीख १९ नोव्हेंबर १८६३. आपल्याकडे जुनी माणसे विसांत मोजत, तशी त्याने सुरुवात केली : चार विसा आणि सात वर्षांपूर्वी. म्हणजे ८७ वर्षे. १८६३मधून ८७ वजा करा, १७७६ येते. १७८७ येत नाही. राष्ट्राचा जन्म त्याने घटनेपासून न धरता समतेच्या वाक्यापासून धरला. इतक्या कमी शब्दांत कुणी इतके मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला आठवत नाही.

त्यानंतर कायदा बदलला. १८६५ची तेरावी दुरुस्ती गुलामगिरी संपवणारी, १८६८ची चौदावी नागरिकत्वाची आणि समान संरक्षणाची (तीन-पंचमांशाचा हिशोबही तिच्यातच गेला), १८७०ची पंधरावी वंशावरून मत नाकारू नका म्हणणारी. स्त्रियांच्या मताला १९२० उजाडले. दक्षिणेतल्या राज्यांनी पंधराव्या दुरुस्तीला मतदान-कर आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून जवळपास शतकभर बगल दिली. १९६५च्या मतदान हक्क कायद्याने ती वाट अडवली.

महाराष्ट्राचा धागा इथेच जुळतो. महात्मा फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल आदर म्हणून. तेरावी दुरुस्ती होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

प्रश्न : धर्म, भाषण, वृत्तपत्र, सभा, गाऱ्हाणे हे हक्क सर्वांत महत्त्वाचे म्हणून ‘पहिल्या’ घटनादुरुस्तीत घातले का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही. १७८९मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, राज्यांकडे १२ दुरुस्त्या पाठवल्या, त्यात ही तिसरी होती. पहिली प्रतिनिधींच्या संख्येबद्दलची, ती आजवर मंजूर झालेली नाही. दुसरी काँग्रेस सदस्यांच्या वेतनाबद्दलची, ती थेट १९९२मध्ये मंजूर होऊन सत्ताविसावी ठरली. उरलेल्या १० दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ला मंजूर झाल्या आणि तिसरी वर सरकून पहिली झाली.

प्रश्न : डॉलरवर ‘इन गॉड वी ट्रस्ट’ छापलेले असते. म्हणजे अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली, हे खरे ना? (निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

उत्तर : नोटेवरून हा निष्कर्ष निघत नाही. ते शब्द पहिल्यांदा आले १८६४मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, दोन सेंटच्या नाण्यावर. सगळ्या चलनावर ते छापावेत हा कायदा १९५५चा, राष्ट्रीय बोधवाक्य म्हणून मान्यता १९५६ची, कागदी नोटांवर सुरुवात १९५७ची. नास्तिक सोव्हिएत रशियापेक्षा आपण वेगळे, हे दाखवण्याचा तो काळ. स्थापनेच्या पिढीने १७८२मध्ये राजमुद्रेवर कोरले ते लॅटिन शब्द म्हणजे ‘इ प्लुरिबस उनम’, अनेकांतून एक.

जाहीरनाम्यात देव आहे : निसर्गाचा ईश्वर, निर्माता, जगाचा परम न्यायाधीश, दैवी कृपा असे चार उल्लेख. घटनेत मात्र तारीख लिहिण्याच्या रूढ पद्धतीतला ‘प्रभूच्या साली’ एवढाच. उलट सहावे कलम बजावते की केंद्र सरकारच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही.

हे घडले ते व्हर्जिनियाच्या अनुभवातून. तिथे सरकारी परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांना तुरुंगात टाकत असत. पुढे तिथला नेता पॅट्रिक हेन्रीने ख्रिस्ती उपदेशकांच्या पगारासाठी कर बसवण्याचे विधेयक आणले. पुढे घटनेचा एक प्रमुख शिल्पकार ठरलेल्या जेम्स मॅडिसनने १७८५मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिले. त्याचा मुद्दा असा : जे सरकार आज सर्व ख्रिस्ती पंथांना मान्यता देते, ते उद्या त्यातला एकच पंथ निवडू शकते. कर बारगळला आणि जेफरसनने १७७७मध्ये लिहून ठेवलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १६ जानेवारी १७८६ला मंजूर झाला. चर्चेत ‘येशू ख्रिस्त’ हे शब्द घालण्याची सूचना आली, ती मोठ्या बहुमताने पडली. जेफरसनने पुढे आत्मचरित्रात लिहिले की यावरून ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि काहीच न मानणारा, सगळ्यांनाच कायद्याचे संरक्षण द्यायचे होते हे सिद्ध होते. हिंदूंचा तिथे नावानिशी उल्लेख आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत नागरिकत्वाची शपथ घेणार आहे. शपथेत शेवटी देवाचे नाव आहे, तो निरीश्वरवादी आहे. नात टेक्सासमध्ये सरकारी शाळेत जाते, तिथे रोज झेंड्यापुढे ‘अंडर गॉड’ म्हणावे लागते. काय करावे? (आजी, नाशिक)

उत्तर : आपल्याकडे मंत्री ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेतात किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ कथन करतात, तशीच सोय तिथे आहे. क्वेकर पंथीयांना शपथ घेणे निषिद्ध, म्हणून घटनेतच ‘शपथ अथवा प्रतिज्ञा’ असे लिहिले. राष्ट्राध्यक्षाच्या ३५ शब्दांच्या शपथेत देवाचे नाव नाही, बायबलही सक्तीचे नाही. जॉन क्विन्सी ॲडम्सने १८२५मध्ये कायद्याच्या पुस्तकावर हात ठेवला होता.

मुलाने मुलाखतीच्या वेळीच अधिकाऱ्याला सांगावे की मला प्रतिज्ञा करायची आहे आणि देवाचा उल्लेख वगळायचा आहे. त्यासाठी पुरावा लागत नाही. शस्त्र धरण्याच्या ओळी वगळायच्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे धार्मिक किंवा खोल नैतिक श्रद्धा दाखवावी लागते. एक लक्षात ठेवा : शपथ झाली की भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करण्याचे आणि ओसीआयचे (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचे) काम नंतर वेगळे करावे लागते.

नातीबद्दल : झेंड्याची प्रतिज्ञा सरकारी शाळा सक्तीने म्हणवून घेऊ शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४३चा आहे. ‘अंडर गॉड’ हे शब्द त्यात आले ते नंतर, १९५४मध्ये. टेक्सासच्या कायद्यात पालकाने लेखी विनंती करायची असते. तिच्या आई-वडिलांना मुख्याध्यापकांच्या नावे दोन ओळींचे पत्र द्यायला सांगा आणि एक प्रत घरी ठेवा. तोंडी सांगितले तर वर्गशिक्षिका बदलली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खासगी शाळेला मात्र हा निकाल लागू नाही, कारण घटनेचे हे बंधन सरकारवर आहे.

प्रश्न : धर्म आणि शासन यांच्यामधली ‘भिंत’ घटनेत कुठे आहे? (वकील, मडगाव)

उत्तर : घटनेत नाही. पहिली दुरुस्ती एवढेच म्हणते की काँग्रेस धर्मस्थापनेबाबत कायदा करणार नाही आणि धर्माचरणाला मज्जाव करणार नाही. सुरुवातीला हे बंधन फक्त केंद्रावर होते. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी कर १८३३पर्यंत चालू राहिला. राज्यांवर ते आले चौदाव्या दुरुस्तीच्या वाटेने, १९४० आणि १९४७च्या निकालांनी.

‘भिंत’ हा शब्द राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या पत्रातला. पत्र कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेले, तारीख १ जानेवारी १८०२. त्या राज्यात दुसऱ्याच पंथाचे चर्च अधिकृत होते. त्याच दिवशी जेफरसनच्या दारात एक अजब भेट आली : मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर गावच्या बॅप्टिस्टांनी पाठवलेला १,२३५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५६० किलोंचा चीजचा गोळा. गावच्या गाईंचे दूध एकत्र करून तो केला होता आणि ‘हे स्वतंत्र शेतकऱ्यांनी व त्यांच्या बायकामुलींनी केले, एकाही गुलामाचा हात लागलेला नाही’ असे सोबत कळवले होते. तो घेऊन आला होता उपदेशक जॉन लेलँड, धर्मात सरकारने हात घालू नये म्हणून आयुष्यभर झगडलेला.

दोन दिवसांनी, ३ जानेवारीला, रविवारी लेलँडने प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन केले. ऐकायला जेफरसन हजर होता.