महामारीच्या काळात गरोदर स्त्रियांना इतकी चिंता का वाटते आणि घरच्यांनी काय करावे?

ही भीती मनाचा कमकुवतपणा नव्हे, तिला खरी कारणे असतात. मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल बंद झाली, एप्रिलमध्ये नायर रुग्णालय कोविडसाठी राखीव झाले, आणि नाव नोंदवलेल्या ठिकाणीच बाळंतपण होईल याची खात्री उरली नाही. त्यातच माहेरी जाता येत नाही, ओटीभरण नाही, कळा सुरू झाल्यावर सोबतीला कोणाला आत घेतील ते ठाऊक नाही, आणि चाळीतल्या एका खोलीत घरातले कोणी खोकले तर वेगळे राहायला जागाच नाही. अशा स्थितीत झोप उडाली तर नवल ते काय!

माझ्या मते सर्वांत जीवघेणी भीती बाळापासून दूर ठेवले जाण्याची असते. याबाबत जागतिक आरोग्य संघटनेची सूचना स्पष्ट होती: आई बाधित असली तरी तिने मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे आणि जवळच ठेवावे. जुलै २०२१ पासून भारतात गरोदर स्त्रियांना लसही खुली झाली.

घरच्यांनी ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढेच म्हणून उठून जाऊ नये. तिच्याजवळ बसून तपासण्यांची फाइल लावावी, पर्यायी रुग्णालय आणि रात्री-अपरात्री येईल अशी गाडी ठरवून ठेवावी. झोप आणि भूक दोन आठवडे उडालेली असेल, तर प्रसूतितज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.