गंगा तलावानंतरचे तीन तास

प्रश्न : मे महिन्यात आम्ही मॉरिशसला जातोय. गंगा तलावाचं दर्शन ठरलेलंच आहे. तिथून जवळच ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क दिसतंय. हाताशी तीनेक तास आहेत. सोबत सासूबाई (गुडघेदुखी) आणि अकरा वर्षांची मुलगी, जिला पक्ष्यांचं वेड. टूरवाले म्हणतात, नुसती झाडी आहे. जावं का?

उत्तर : जा. टूरवाल्यांचं एका अर्थी खरं आहे, वाघ-हत्ती काही नाहीत. वटवाघळं सोडली तर या बेटावर मूळचा एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता. पण त्या झाडीतच खरी गोष्ट आहे.

मी गेले तेव्हा पंचवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून झालं होतं, तरी फसले. पेत्रँला, म्हणजे उद्यानाच्या गंगा तलावाकडच्या प्रवेशाशी, गाडीतून उतरले, गर्द हिरवाई बघून हरखले. वाटाड्या हसला. म्हणाला, "मॅडम, यातलं अर्धं ब्राझील आणि अर्धं मादागास्कर!" सुपारीएवढी लाल फळं लगडलेली ती झुडपं म्हणजे ब्राझीलचा पेरू. तिथे त्याला 'गोयाव द शिन', म्हणजे चिनी पेरू म्हणतात. चीनचा काहीएक संबंध नाही. मे महिन्यात लोक पिशव्या घेऊन तोडायला येतात. आंबटगोड लागतो, मीही मूठभर खाल्ला. पण आपल्याकडे घाणेरीनं माळ व्यापावा तसं यानं रान गिळलंय. चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि त्यातलं बरंचसं १९९४ साली झालेल्या या सुमारे ६५ चौरस किलोमीटरच्या उद्यानात आहे. काही तुकड्यांना कुंपण घालून आतलं तण हातानं उपटतात. रानडुक्कर आणि डचांनी जावाहून आणलेली हरणं यांना आत मज्जाव. त्या कुंपणाशी थांबा. आतली आबनुसाची नि केवड्याच्या कुळातली झाडं बुटकी, विरळ, पहिल्या नजरेत दुर्लक्ष व्हावं अशी. मी मात्र तिथेच सर्वांत जास्त वेळ घालवला.

मुलीला आधीच सांगून ठेवा, पहिले पक्षी ओळखीचेच निघतील. साळुंकी टोळांचा बंदोबस्त करायला अठराव्या शतकात तिथे नेलेली. शिपाई बुलबुल मागून आला आणि पेरूच्या बिया पसरवत फिरतो. खरा मान गुलाबी कबुतराचा नि मॉरिशसच्या ससाण्याचा. १९७४ मध्ये हे ससाणे जंगलात अवघे चार माहीत होते! पिंजऱ्यात पिल्लं वाढवून सोडली, म्हणून आज दिसतात. ससाणा मात्र दरीच्या खालच्या बाजूला बरा सापडतो, तीन तासांत त्याचा हट्ट धरू नका.

सासूबाईंना पायवाटांवर नेऊ नका. माकाबेची वाट सुरुवातीला सपाट आहे, पुढे उतार जीव काढतो. त्यांच्यासाठी रस्त्यालगतची दरी बघायची जागा पुरे. किनाऱ्यावर लख्ख ऊन असलं तरी वर पाऊस असू शकतो, म्हणून छत्री आणि स्वेटर घ्या. माकडांना काही देऊ नका. तीही बाहेरूनच आलेली, पक्ष्यांची अंडी खातात.

आणि पोपट दिसला तर घाई नको. आपला कंठवाला पोपटही तिथे पोचलाय. पण रंग जास्त गडद, शेपूट आखूड आणि वरची चोच काळी दिसली, तर ती तिथल्या मूळच्या एको पोपटाची मादी. मुलीला म्हणावं, आता अजिबात हलू नकोस.