पहिल्याच नोकरीत वाटतंय की फील्ड चुकलं?

कॉलेज संपून वर्ष-दीड वर्ष झालेली मुलं माझ्याकडे करिअरबद्दल सल्ला घ्यायला येतात तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "मॅडम, माझं फील्डच चुकलंय का?" त्यातल्याच एका मुलीबद्दल सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

वय 23, चांगल्या मार्कांनी डिग्री, लगेच नोकरी, आणि आता रोज सकाळी पोटात गोळा. राजीनाम्याचा मेल लिहून तयार होता. बरोबरच्यांपैकी कुणी प्रमोशनचे फोटो टाकतंय, कुणी पुढे शिकायला गेलंय आणि मीच तेवढी अडकलेय, असं सांगताना तिला रडूच फुटलं.

मी आधी झोपेबद्दल विचारलं. करिअरचं विचारायला आलेय आणि ह्या झोपेचं काय काढतायत असं तिला वाटलं असणार, पण हळूहळू कळलं की रात्री बारापर्यंत ऑफिसचा चॅट चालू, अंथरुणात पडल्यावरही उद्याच्या मीटिंगचाच विचार, झोप जेमतेम पाच तास आणि मैत्रिणींना भेटून तर महिने झालेले. अशा अवस्थेत कुठलंही काम नकोसंच वाटणार ना! जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटचं, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेचं, जे वर्णन केलं त्यात तीन गोष्टी आहेत, गळून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आतून अगदी "फील्ड चुकलं" अशाच वाटतात. म्हणून माझं ठाम मत आहे, थकवा उतरल्याशिवाय करिअरचा निर्णय घ्यायचा नाही. हां, जिथे छळ होतो, अपमान होतो, पगार अडवतात, तिथून मात्र शक्य तितक्या लवकर निघायचं, तिथे थांबून बघू वगैरे काही नाही.

तिला दोनच गोष्टी करायला सांगितल्या. दिवसभरात जी कामं केली ती वहीत लिहायची आणि प्रत्येकापुढे हुरूप आला की जीव गेला एवढंच टाकायचं, आणि रात्री आठनंतर ऑफिसचे नोटिफिकेशन बंद. हे दुसरं तिला फार जड गेलं, सर काय म्हणतील ही भीती. मग आम्ही बसून वाक्यच तयार केलं, "सर, अर्जंट असेल तर फोन करा, बाकी सकाळी आल्या आल्या बघते." फोन फारसे आलेच नाहीत.

वहीतून निघालं ते असं की रिपोर्ट बनवताना तिचा जीव जायचा पण नवीन जॉइन झालेल्यांना सिस्टीम समजावून सांगताना वेळ कसा गेला कळायचं नाही. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या दोघी संशोधकांनी 2001 मध्ये जॉब क्राफ्टिंगची कल्पना मांडली, म्हणजे नोकरी तीच ठेवून आपली कामं, कामातली माणसं आणि त्या कामाकडे बघायची नजर यात आपणच थोडा थोडा बदल करायचा. त्यावरून तिने सरांकडे मुद्दाम छोटीशी मागणी केली, नवीन लोकांचं ट्रेनिंग मी घेते, एक रिपोर्ट दुसऱ्या कुणाला द्या. ट्रेनिंग मिळालं, रिपोर्ट तिच्याकडेच राहिला. तरी सकाळचं ऑफिसला जाणं पुष्कळ सोपं झालं म्हणाली.

मागे पडल्याच्या भीतीवर मात्र बरंच बोलावं लागलं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी करिअरचे टप्पे मांडले त्यात साधारण 15 ते 24 हे वय चाचपडून बघायचंच धरलंय, स्थिरावणं त्याच्या पुढे. मग 23 व्या वर्षी सगळं ठरलेलं असायलाच हवं हे आलं कुठून? हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे मला कॉलेजमध्येच कुणीतरी सांगायला हवं होतं."

सध्या ती ट्रेनिंगच्या कामाचा एक छोटा ऑनलाइन कोर्स करतेय, आवडला तर त्या बाजूची नोकरी शोधेल, आणि आहे ती सोडायचीच झाली तर आधी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला काढून मगच, असं ठरलंय.