अंग बाहेर येण्याच्या शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न : माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या आहेत. गेली काही वर्षे त्यांचे अंग बाहेर येते, म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीमार्गातून बाहेर येते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असून त्याआधी पोटावरून आणि आतून (योनीमार्गातून) अशी दोन्ही प्रकारे सोनोग्राफी करायला सांगितली आहे. आजार डोळ्यांना दिसत असताना ती कशाला? आतून तपासणी करून घ्यायला त्यांना फार संकोच वाटतो. ती टाळली तर चालेल का?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : अंग किती खाली आले आहे आणि योनीची पुढची भिंत सैल झाली आहे की मागची, हे डॉक्टरांना तपासताना, रुग्णाला खोकायला किंवा कुंथायला सांगूनच कळते, त्यामुळे तेवढ्यापुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे. सोनोग्राफी करतात ती न दिसणाऱ्या भागांसाठी.

त्यांत गर्भाशयाचे अस्तर सर्वांत महत्त्वाचे. या आजारात दरवेळी गर्भाशय काढतातच असे नाही. कधी ते वर उचलून टाक्यांनी आधार देतात, तर कधी वयस्कर स्त्रीच्या संमतीने योनीमार्गच बंद करतात, आणि तो एकदा बंद झाला की पुढे रक्तस्राव झाल्यास अस्तराचा नमुना घेणे अतिशय अवघड होते. गर्भाशय काढायचे ठरले असले तरी कर्करोगाची शंका आधी आलेली बरी, कारण मग शस्त्रक्रियेची आखणीच वेगळी होते. असा छुपा कर्करोग क्वचितच सापडतो, म्हणून घाबरू नये. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रीत अस्तराची जाडी 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता फारच कमी असते. रक्तस्राव नसताना अस्तर थोडे जाड दिसले, तर ते बरेचदा साध्या पॉलिपमुळेही (अस्तरावरच्या छोट्या मांसल वाढीमुळेही) असते. नमुना घ्यायचा की नाही हे डॉक्टर जाडी आणि इतर धोके पाहून ठरवतात.

बीजांडकोशातील गाठीही याच तपासणीत दिसतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मूत्रपिंडे पाहतात, कारण अंग फार खाली ओढले गेल्यास मूत्रवाहिन्या दबून मूत्रपिंडांना काहीही न दुखता सूज येऊ शकते. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते, तेही मोजतात.

सासूबाईंचा संकोच मला पूर्ण समजतो आणि त्यांच्या मनाविरुद्ध ही तपासणी कोणीही करू नये. मात्र ती काही मिनिटांचीच असते, लघवी करून मूत्राशय रिकामे ठेवून करतात आणि उपकरणावर प्रत्येक वेळी नवे आवरण घालतात. तपासणी स्त्री डॉक्टरांनी करावी किंवा तुम्हाला शेजारी थांबू द्यावे, असे केंद्रात आधीच विचारून ठेवा. तरीही त्यांना नकोच असेल, तर पोटावरूनच्या तपासणीत अस्तर तितके स्पष्ट दिसत नाही, हे मान्य करून पुढचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा लागेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सोनोग्राफीने होत नाही. त्यासाठी पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, वेगळी करावी लागते.

एक गोष्ट तुम्ही स्वतः त्यांना एकांतात विचारा : कपड्यावर कधी रक्ताचा डाग पडला होता का? बाहेर आलेला भाग कपड्याला घासून जखम होते आणि तिचेच रक्त असेल, असे समजून अनेक बायका गप्प राहतात. पाळी गेल्यानंतरचा एकही डाग असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी तो डॉक्टरांना सांगा.