धूर नाही, म्हणजे वायू जळाला का?

प्रश्न : तेलशुद्धीकरण कारखान्याच्या उंच नळीच्या टोकावर सतत ज्योत असते. टाकाऊ वायू तिच्यात पुरता जळतो की नाही, हे एवढ्या उंचावर मोजतात कसं? धूर दिसला नाही की सगळं जळलं, असं समजायचं का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात मीही फसलो आहे. ज्योत काळवंडली की वाफेचा व्हॉल्व्ह उघडायचा, ही आमची रीत. वाफ हवा ओढून आणते, काजळी थांबते. एका रात्रपाळीत मी तो इतका उघडला की ज्योत जवळपास दिसेनाशी झाली. साहेब खूश! खाली मात्र उग्र वास. वाफेनं काजळीबरोबर आगही थंड केली होती आणि वायू न जळताच निसटत होता.

मोजायचा असतो तो ज्योतीच्या वरच्या धुरातला (म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूंतलाही) कार्बन. समजा, हवेत मुळात असलेला वाटा वजा करून कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 480 भाग भरला, कार्बन मोनॉक्साइड 5 आणि न जळलेल्या वायूंतला कार्बन 15. एकूण 500 पैकी 480, म्हणजे दहन 96 टक्के. (काजळी असेल तर तिचाही कार्बन धरावा लागतो.) वाऱ्यानं धूर दसपट विरळ केला तरी तिन्ही आकडे सारखेच घटतात, गुणोत्तर बदलत नाही. त्यामुळे ज्योतीत किती वायू गेला हे ठाऊक नसलं तरी अडत नाही. नमुना नळीनं ओढतात, विमान धुरातून नेतात किंवा जमिनीवरून इन्फ्रारेड कॅमेरा रोखतात.

अमेरिकेतल्या पर्मियन, ईगल फोर्ड आणि बाकेन या तेलक्षेत्रांवर विमानानं घेतलेली अशी मोजमापं 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. हिशेबात 98 टक्के मिथेन नष्ट होतो असं धरलेलं. प्रत्यक्षात, विझलेल्या ज्योती जमेस धरून, सुमारे 91 टक्केच. सात टक्क्यांनी काय होतं, असं वाटेल. पण निसटणारा मिथेन 2 टक्क्यांवरून 9 वर गेला, म्हणजे साडेचार पट!

विमान काही रोज उडवता येत नाही. म्हणून तिथल्या शुद्धीकरण कारखान्यांना 2015च्या नियमानं वेगळी अट घातली: ज्योतीपाशी वायू आणि वाफ मिळून होणाऱ्या मिश्रणाचा उष्मांक (जळल्यावर मिळणारी उष्णता) दर घनफुटाला किमान 270 बीटीयू (उष्णतेचं एकक) हवा, आणि तो 15-15 मिनिटांच्या सरासरीनं तपासायचा. वाफ जास्त सोडली की हा आकडाच खाली येतो. त्या रात्री माझ्यासमोर तो असता, तर व्हॉल्व्ह मी अर्ध्यावरच थांबवला असता.