घरून डबे देतो. आता १०० पानांच्या मुंजीची ऑर्डर आली आहे. घ्यावी का? अंदाज कसा काढायचा?

ऑर्डर जरूर घ्या. पण डब्याचं काम आणि कार्याचं काम यांत फरक चवीचा नसून वेळेचा आहे. डबा अर्धा तास उशिरा गेला तर निभावतं, पंगत थांबत नाही. आणि डब्याचं प्रमाण पाचपट करून मसालेभात होत नाही.

आधी कार्यालयाकडे चौकशी करा. पुण्यात बऱ्याच मंगल कार्यालयांचा केटरर ठरलेला असतो. बाहेरच्याला एकतर परवानगी नसते, नाहीतर कार्यालयाला रॉयल्टी, म्हणजे बाहेरचा केटरर आणल्याचे पैसे, भरावी लागते. ती यजमान भरणार की तुम्ही, हे आधी कागदावर यायला हवं. अन्न परवाना एव्हाना काढलेलाच असेल, नसेल तर लगेच काढा. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर. घरचा लाल धंद्याला चालत नाही. १०० पानांना एक पुरतो, पण दुसरा भरलेला हाताशी असू द्या.

वरणभात, मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूची भाजी, कोशिंबीर, जिलेबी, मठ्ठा असा बेत धरतो. मसालेभाताला ५ किलो जुना तांदूळ, साध्या भाताला ३ किलो, वरणाला सव्वादोन किलो तूरडाळ. बटाटे ९ किलो, काकडी ५ किलो, जिलेबी ८ किलो. मठ्ठ्याला ५ लिटर दही आणि १० लिटर पाणी. भाजी आदल्या दिवशी मार्केट यार्डातून आणा, कोथिंबीर आणि अळू मात्र त्याच पहाटे मंडईतून.

नवख्याचा मसालेभात हमखास बिघडतो. घरी वाटीला दोन वाट्या पाणी घालतो. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून पावणेदोन पुरतं. दोन घातलं की खाली लगदा आणि वर फडफडीत भात. सगळा एकाच पातेल्यात न लावता अडीच-अडीच किलोचे दोन लावा. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळा, पाणी वेगळं उकळून आधणाचंच घाला. मीठ किलोला ३५ ग्रॅम, वजन करून. पाणी आटत आलं की पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवा आणि झाकणावर वजन ठेवा, म्हणजे भात खाली लागत नाही. ओलं खोबरं पानात वाढतानाच वरून भुरभुरा; गरम भातात कालवून ठेवलं की उन्हाळ्यात भात विटतो.

पुरीचं गणित वेगळं. माणशी पाच धरल्या तर ५०० पुऱ्या, म्हणजे ९ किलो कणीक. मोठ्या कढईत एका घाण्याला नऊ-दहा पुऱ्या आणि दीड मिनिट लागतं. सगळ्या तळायला सव्वा ते दीड तास. म्हणजे मिनिटाला सहा पुऱ्या लाटून यायला हव्यात. सराईत बाई दोन लाटते, तेव्हा तिघीजणी हव्यात. इथे एक माणूस वाचवला की कढई रिकामी तापत राहते, तेल धुरावतं आणि पुरी काळपट येते. कणीक घट्ट, तीन-तीन किलोच भिजवा. सकाळी सगळी भिजवून ठेवली की ती सैलावते आणि पुरी तेल पिते.

पंगतीत बारा-पंधरा पानांमागे एक वाढपी लागतो. पन्नास-पन्नासच्या दोन पंगती असतील तर चारजण पुरेत. बुफेला वाढपी कमी लागतात, पण भाजी थोडी जास्त धरा, कारण लोक स्वतःच्या हाताने सढळ घेतात.

पानांचा पक्का आकडा चार दिवस आधी लेखी घ्या. तेवढ्या पानांचे पैसे ठरलेले, वर दहा पानांची तयारी तुमच्याकडून. अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय किराणा भरू नका. मुंजींचा हंगाम आणि मुलांच्या परीक्षा एकदमच येतात, म्हणून घरच्यांपैकी कोण कुठलं काम करणार ते आठवडाभर आधी ठरवा. डब्याच्या गिऱ्हाइकांनाही आठ दिवस आधी सुट्टी सांगा. त्याच ओट्यावर सकाळी डबे आणि दुपारी कार्य, हे जमत नाही. त्यात डब्याचं कायमचं गिऱ्हाईक तुटतं.

बर्फाच्या लादीचा बर्फ मठ्ठ्यात टाकू नका, तिच्यावर पातेलं ठेवा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिले पाहिजेत; मंद शेगडी चालू ठेवा. उरलेला भात दोन तासांहून जास्त बाहेर राहिला असेल तर यजमानांनी आग्रह केला तरी बांधून देऊ नका.