टेबलात १९ कॉलेजं आहेत, लेक कुठे आहे?

गोव्यातल्या डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी हायर सेकंडरीत बारावीला, विषय फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि जिओलॉजी. सोबत १९ कॉलेजांचं टेबल, त्यात मिनिमम टक्के, फी, होस्टेल, आणि ब्रँच सगळीकडे एकच, कॉम्प्युटर. मुलीला मात्र बीएस्सी जिओलॉजी करायचंय. ते लिहितात, ‘२०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा खाणीवरचा आमचा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते चालूच होते. आणि हिला दगड शिकायचेत. हल्ली आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाही. बेस्ट कॉलेज सांगा आणि तिला समजवा.’

भाऊ, टेबलाचं नंतर बोलू. पोरगी जेवायला बसत नाही हे तुम्ही फी आणि होस्टेलच्या पुढे एका ओळीत लिहून मोकळे झालात, मी मात्र तिथेच अडकले. बारावीचं वर्ष, वरून घरात बोलणं बंद, याची मला तिच्या मार्कांपेक्षा जास्त काळजी वाटते. तुमची भीती खोटी नाहीये. ताडपत्री टाकून अंगणात उभे केलेले ट्रक त्या काळात मी पण बघितलेत, आणि जरा सावरतोय तोवर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींची लिजेस रद्द केली, परत तेच. पण २०१२ ला तुमची मुलगी चार-पाच वर्षांची असेल हो, तिला त्या हप्त्यांचं काय माहीत असणार? तुम्ही कधी सांगितलंय का तिला बसवून? तिच्या कानावर फक्त ‘दगड शिकून काय करणार’ एवढंच पडतंय, आणि ते कुठल्याही मुलीला लागेल.

आणि खाण म्हणजे जिओलॉजी नव्हे. विहिरीला पाणी कुठे लागेल, बोगदा कुठून काढायचा, दरड का कोसळते, हे सगळं त्यातच येतं. वास्कोला हेडलँड सडा इथे ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, तिथून माणसं अंटार्क्टिकाला जातात, दोना पावलाला एनआयओ, म्हणजे समुद्राचं संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तुमच्या घरापासून तास-दीड तासावर.

आता टेबल. तुम्ही ७५ टक्केवालं कॉलेज वर ठेवलंय, ४५वालं खाली, म्हणजे जास्त टक्के मागतं ते चांगलं असं धरलंय. हा गैरसमज बहुतेक पालकांचा असतो, आणि त्याच्यापायी चुकीच्या ठिकाणी फॉर्म भरले जातात. मिनिमम टक्के हा उंबरठा आहे, आत जायला मिळणार की नाही ते रँक ठरवते. एनआयटी, आयआयटीला बारावीला ७५ लागतात (किंवा बोर्डात टॉप २० पर्सेंटाईल), पण ७५ आले म्हणून सीट मिळत नाही, ती जेईईवर मिळते. शिवाय हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीतच. ७५ हे पाच विषयांच्या बेरजेवर, त्यात भाषा येते आणि पाचवा विषय म्हणून जिओलॉजीही येऊ शकतो. ४५ हे फक्त फिजिक्स, मॅथ्स आणि ठरलेल्या तिसऱ्या विषयावर. त्यामुळे एका कॉलममध्ये लिहून वरखाली लावलेत तरी तुलना होतच नाही. टक्के कशावर मोजतात हा कॉलम आधी घाला.

दुसरा कॉलम घाला, हा कोर्स झाल्यावर पुढे कुठली परीक्षा देता येईल. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, त्यातूनच सरकारच्या जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात जिओलॉजिस्ट घेतात. त्याला मास्टर्स लागतं, तेही जिओलॉजी किंवा त्याच्या जवळच्या विषयात. आयआयटीत एमएस्सी जिओलॉजी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिथे बीएस्सीत जिओलॉजी किती वर्षं होतं ते बघतात. म्हणजे बीटेक कॉम्प्युटर करून पाच वर्षांनी तिला वाटलं की जिओलॉजीच हवं होतं, तर तो रस्ता जवळजवळ बंद झालेला असेल. उलट बारावीला मॅथ्स आहे म्हणून बीएस्सी जिओलॉजीनंतर एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरमधलं मास्टर्स, तिला उघडं राहतं. तुम्हाला सेफ्टी हवीय ना? मग ती याच बाजूला जास्त आहे.

जेईई किंवा जे काही द्यायचं ते देऊ दे, तयारी झालीय तर वाया का घालवा. पण मीरामारच्या धेंपे कॉलेजात आणि मडगावच्या चौगुले कॉलेजात जिओलॉजी आहे, तिथे तिला घेऊन जा. तुम्ही स्वतः जा. डिपार्टमेंटमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, गेल्या वर्षीची मुलं आता कुठे आहेत. वेबसाईटवरच्या टक्क्यांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

तिला समजवा असं तुम्ही लिहिलंय, ते मी करणार नाही. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाहीये. आज रात्री ताट वाढून तिला बोलवा, कॉलेजचा विषय काढू नका, ट्रकची गोष्ट सांगा, पहिल्यापासून, किती हप्ते राहिले होते ते पण. मग तिला म्हणा, तूच पत्र लिही. ते आलं की टेबल परत काढू, या खेपेला तिच्यासोबत.